रिपोर्टातली मांजर

कलकत्ता, ९ ऑगस्ट १९५३
(कार्ड)

नाना,

तिसरं पाकीटही परत आलं. वर 'घेण्यास नकार', खाली तुमची सही आणि सहीखाली तारीख. मुलाला नाकारतानाही तारीख टाकायला विसरला नाहीत! ठीक आहे. पाकीट न फोडता परत करता येतं, म्हणून आजपासून कार्ड. ते परत करायचं तरी आधी हातात घ्यावं लागेल, आणि अक्षर असलेला कागद हातात आला की तो वाचल्याशिवाय तुम्हाला राहवत नाही. शेवेच्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही उलगडून वाचता, हे मी सोळा वर्षं पाहिलंय.

कार्ड पोस्टमन बाळकृष्णरावही वाचतीलच. (बाळकृष्णराव, नमस्कार. गुडघा कसा आहे?) म्हणून आपल्या दोघांतली गोष्ट इथे उघडी लिहीत नाही. एवढंच लिहितो: मारुतीला शाळेतली शिपायाची नोकरी परत मिळाली पाहिजे. ती घालवणारा कागद तुमच्या सहीचा आहे, तेव्हा ती परत आणणाराही तुमच्याच सहीचा लागेल. एप्रिलअखेर तुम्ही रिटायर होणार. त्यानंतर सही कितीही मोठी केली तरी चालणार नाही. तोवर दर रविवारी एक कार्ड. तुम्ही थकाल, मी थकणार नाही.

प्रकृती बरी आहे. मांजरीची आठवण येते.

बंडू


कलकत्ता, ३० ऑगस्ट १९५३
(कार्ड)

नाना,

तीन कार्डं गेली आणि एकही परत आलं नाही, म्हणजे वाचताय. बेबीचं पत्र आलं, बहिणीला तरी माझी आठवण आहे. लिहिते की बाळकृष्णरावांनी ओट्यावर विचारलं, "नानाजी, बंडूभियाने कलकत्त्यात मांजर पाळली क्या?" आणि तुम्ही चहा अर्धा टाकून आत गेलात. चहा टाकू नका, साखर महाग आहे.

मी काय करतो ते सांगतो. तुम्ही म्हणायचात, हा पोरगा जन्मभर रिकामटेकडा राहील. इकडे मला रिकामं करण्याचाच पगार मिळतो. आधी दोन वर्षं बल्बच्या कारखान्यात होतो, काचेच्या गोळ्यांतली हवा पंपाने ओढायची. मग एका संशोधनाच्या संस्थेतले डॉक्टरबाबू नळ्या घ्यायला आले. दवाखान्याचे नव्हेत, फिजिक्सचे डॉक्टर. त्यांच्या नळीत कुठेतरी गळती होती, तीन दिवस सापडत नव्हती. मी विजेची ठिणगी नळीवरून फिरवली. जिथे भोक असतं तिथे ठिणगी आत घुसते. पाच मिनिटांत सापडली. ते म्हणाले, "ए इंदौर, हमारे यहाँ आएगा?" अपन गेलो. नववी नापास आहे हे सांगितलं. म्हणाले, "हवा को मालूम है क्या?"

मारुती सियागंजात मिरच्यांची पोती उचलतो असं बेबी लिहिते. साठीला आला तो. खोकतो म्हणे.

बंडू


कलकत्ता, २७ सप्टेंबर १९५३
(कार्ड, अक्षर बारीक केलं आहे, चष्मा लावा)

नाना,

नववी ब आठवते? टेबलावर काचेच्या उलट्या हंडीसारखी बेल-जार, तिच्या आत विजेची घंटा. मारुती पंपाचा दांडा मारतोय. हवा कमी होते तसा आवाज बारीक होत जातो आणि मग बंद. हातोडी हलताना दिसते, ऐकू काही येत नाही. तुम्ही म्हणालात, "आता आत काय उरलं? काही नाही." मी विचारलं, काही नाही तर घंटा दिसते कशी, उजेड कशातून येतो? वर्ग हसला. तुम्ही माझं शाळेतलं नाव घेऊन म्हणालात, "लक्ष्मीकांतजी, बाकावर उभे राहा. वरून जास्त चांगलं दिसेल."

इथे पंप रात्ररात्र चालतो तरी काटा शून्याला टेकत नाही. थोडी हवा चिकटून राहतेच. मी डॉक्टरबाबूंना विचारलं, समजा शेवटचा कणही काढला, उजेड बंद, गरमी बंद, मग तर काही नाही ना? ते हसले. "तब भी खाली जगह चुप नहीं बैठता. तुम्हारे माफिक छटपट करता है." म्हणाले, रिकाम्या जागेत सारखी बारीक थरथर चालू असते. कण जोडीने उगवतात आणि कुणी मोजायच्या आत एकमेकांत मिटून जातात. त्यांना पकडता येत नाही, दाखवता येत नाही. मोठमोठ्या लोकांनी गणित करून हे काढलंय.

म्हणजे नाना, तुमचं 'काही नाही' कच्चं निघालं.

बंडू


कलकत्ता, ८ नोव्हेंबर १९५३
(पाकीट)

नाना,

माझंच कार्ड मला परत आलं. या वेळी 'घेण्यास नकार' नव्हता. 'कण जोडीने उगवतात' याच्याखाली लाल शाईची रेघ आणि समासात तुमच्या अक्षरात एक शब्द: 'पुरावा?'

पाच वर्षांत तुमच्याकडून मला आलेला हा पहिला शब्द. मी तो मेसमधल्या सगळ्यांना दाखवला. त्यांना मराठी येत नाही, पण लाल शाई ओळखली. एक जण म्हणाला, "बाबा मास्टर है ना?"

पुरावा मागितलात तर आता पाकीट घ्यावंच लागेल. उत्तर कार्डात मावणारं नाही. आणि पाकिटात मला तेही लिहिता येतं जे बाळकृष्णरावांसमोर लिहिता येत नव्हतं.

आधी तुमचा प्रश्न. डॉक्टरबाबूंनी रंगपंचमीसारखं सांगितलं नाही, पण मला ते तसंच समजलं. राजवाड्यापुढून गेरची मिरवणूक चाललीय. गर्दी नुसती उसळतेय, कुणी कुठे ठरवून जात नाहीये. त्यात तुम्ही आणि मी छातीला छाती लावून उभे आहोत, इतके जवळ की मधे माणूस शिरू शकत नाही. बाहेरून धक्के बसतात, मधून एकही नाही. काय होईल? आपण अजून जवळ ढकलले जाऊ. आपल्याला कुणी बांधलेलं नाही, आपल्यालाही एकमेकांकडे जायचं नाही, तरीसुद्धा. तसंच रिकाम्या जागेत दोन चकचकीत पत्रे समोरासमोर धरायचे. मधली फट केसाच्या शंभराव्या भागाएवढी. बाहेर सगळी थरथर आहे, फटीत थोडीच मावते. मग पत्रे एकमेकांकडे ढकलले जायला पाहिजेत. किती जोराने, याचं गणित हॉलंडच्या एका माणसाने पाच वर्षांपूर्वी मांडलं. जोर म्हणजे डासाच्या वजनाचा दहावा हिस्सा. तो आम्ही मोजणार. काचेवर चांदी चढवून ती घासायचं, पुसायचं, पत्रे बसवायचं आणि हवा काढायचं काम माझं. मापलं की आकडा पाठवतो. तोवर पुरावा नाही, हे कबूल.

आता माझा प्रश्न, नाना. तुम्ही पुरावा मागता. मारुतीच्या वेळी कुठे होता पुरावा?

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मारुतीकडून किल्ली मागून घेतली. तो म्हणाला, "भिया, नानाजींना माहीत आहे ना?" मी म्हटलं, हो. मला बघायचं होतं की तुमच्या 'काही नाही'च्याही पुढे गेलं तर काय होतं. दांडा मारत राहिलो. काचेत आधीचा तडा असणार. एकदम फुटली आणि आत कोसळली. भुवईवर अजून खूण आहे. तुम्ही घरी स्वतः जखम धुतलीत, हळद लावलीत आणि म्हणालात, "ओट्यावरून पडलो असं सांग." माझ्याकडे न बघता म्हणालात.

दुसऱ्या दिवशी तुमचा रिपोर्ट गेला. नक्कल तुमच्या टेबलावर होती, मी वाचली, मला तोंडपाठ आहे. 'शिपाई मारुती याने प्रयोगशाळेचे दार हलगर्जीने उघडे ठेविल्यामुळे आत मांजर शिरून बेल-जार पडून फुटली. किंमत रु. ८७-८-०.'

नाना, तुम्ही मांजर घातलीत. जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाने बोललं की ते असं होतं. शाळेत मांजर नव्हती, कुत्रं होतं. पण विज्ञानमास्तरांनी लिहिलंय म्हटल्यावर ती झाली. एका कागदावर उगवली, एका माणसाला नोकरीतून ढकललं, आणि मिटून गेली. तेव्हाच होळकर सरकारची माणसं मध्य भारत सरकारच्या नोकरीत घेण्याच्या याद्या चालल्या होत्या. मारुतीचं नाव त्या यादीतून गेलं. सव्वीस वर्षांची नोकरी, पेन्शन, सगळं.

तुम्ही म्हणाल, तू का नाही बोललास. बरोबर आहे. सोळा वर्षांचा होतो, बोलता येत होतं, बोललो नाही. मारुतीने पट्टा उतरवून ऑफिसात ठेवला आणि फाटकात मला भेटला. माझ्या भुवईकडे बघून म्हणाला, "भिया, जास्त लागलं तर नाही ना?" त्याला माहीत होतं नाना. ऑफिसात कुणाला एक शब्द सांगितला नाही त्याने. तुमच्या अब्रूसाठी. आठ दिवसांनी मी घर सोडलं, ते तुमच्या माराला भिऊन नाही. तुम्ही मारलंच नाहीत. मारलं असतं तर राहिलो असतो.

मी हेडमास्तरांना कबुलीचं पत्र मागच्या वर्षीच लिहिलंय. उत्तर आलं की रेकॉर्डवर विज्ञानशिक्षकांचा रिपोर्ट आहे, चार वर्षांनी एका पळून गेलेल्या मुलाच्या पत्रावरून तो बदलता येत नाही. तेव्हा फक्त तुम्ही.

बंडू


कलकत्ता, १० जानेवारी १९५४
(कार्ड)

नाना,

हा घ्या पुरावा! परवा पत्रे ओढले गेले. हॉलंडच्या माणसाने जेवढं सांगितलं तेवढंच, दोन दशांश घरांपर्यंत आकडा जुळला. डॉक्टरबाबूंनी साऱ्या संस्थेत संदेश (इकडची मिठाई) वाटला. मला म्हणाले, "इंदौर, पेपर में तुम्हारा नाम नीचे लिखेगा." शोधनिबंधावर नववी नापासाचं नाव! बेबीला सांगा. बाळकृष्णराव, तुम्ही तर वाचलंच असेल, गल्लीत सांगून टाका.

पाकीट परत आलं नाही. तेही घेतलंत.

बंडू


कलकत्ता, १९ जानेवारी १९५४
(पाकीट)

नाना,

दहा तारखेचं कार्ड फाडून टाका. पुरावा नाही.

काय झालं ते सांगतो. त्या दिवशी पत्रे बसवायच्या आधी मी ते रेशमाने पुसले. पुसून झाल्यावर जमिनीला जोडलेली तार प्रत्येकाला टेकवायची असते, ती माझ्या रोजच्या कामातली शेवटची पायरी. त्या दिवशी टेकवली नाही. घाई होती, डॉक्टरबाबू उभे होते. विसरलो, बस.

चार दिवसांनी केस विंचरत होतो. कंगवा उचलला तर बिछान्यावरचा कापसाचा पुंजका उडून त्याला चिकटला. आणि तुम्ही दिसलात. नववी ब, तुमचा काळा कंगवा, कागदाचे कपटे, "घासलं की ओढतं, लक्षात ठेवा गाढवांनो." मी पत्रा रेशमाने घासलेला होता आणि त्यातली वीज काढलेली नव्हती. ओढला जाणारच. आकडा जुळला हा योगायोग. रिकाम्या जागेने ढकललं नव्हतं, माझ्या रेशमाने ओढलं होतं.

खरं सांगतो, दोन दिवस बोललो नाही. म्हटलं, कुणाला कळणार? पेपर लिहून तयार आहे, खाली माझं नाव आहे. आणि सिद्धान्त तर खराच आहे, मोठमोठे लोक म्हणतात, मग आकडा आज ना उद्या तोच येईल. एका तारेने काय बिघडतं. तेव्हा मला कळलं, नाना, मांजर कशी जन्माला येते. ती दुष्टपणाने येत नाही. जवळच्या माणसासाठी येते, नावासाठी येते, संदेश वाटून झालेला असतो म्हणून येते.

तिसऱ्या दिवशी गेलो आणि सांगितलं. वाटलं, परत बल्ब. डॉक्टरबाबूंनी टेबलावरचा पेपर हातात घेतला. मग पानं उभी आडवी फाडली आणि म्हणाले, "चार साल में पहला आदमी है जो बोला. जाओ, तार लगाओ, फिर से." पुन्हा तार लावून मोजलं. काही आलं नाही. एकदा उलटंच आलं. आता म्हणतात धुळीचा एक कणही घात करतो, काचा नव्याने घासायच्या. दोन वर्षं लागतील, पाच लागतील. घासतोय. ती थरथर आहे असं मला वाटतं, पण वाटणं म्हणजे पुरावा नाही, हे तुम्हीच शिकवलंय.

तेव्हा तुमच्या 'पुरावा?'चं उत्तर: अजून नाही. लाल शाईने शून्य द्या.

पण मी बोललो, नाना. नोकरी डावावर लावून बोललो. तुमची तर तीन महिन्यांत तशीही संपतेय.

बंडू


कलकत्ता, २६ मार्च १९५४
(पाकीट)

नाना,

परवा रंगपंचमी झाली. इकडे कुणाला पत्ता नाही. मी एकट्याने मेसच्या नळावर स्वतःवर लाल पाणी ओतून घेतलं. स्वयंपाकी घाबरला, त्याला रक्त वाटलं.

बेबी लिहिते की तुम्ही निरोपसमारंभाचं भाषण लिहिताय आणि फाडताय. टोपली भरलीय म्हणे. आणि एका संध्याकाळी सियागंजापर्यंत चालत गेलात, मारुती दिसला, तुम्ही खांबामागे उभे राहिलात आणि परत आलात. ती तुमच्या मागेमागे होती, तिला रागावू नका, मीच सांगितलं होतं.

शाल, नारळ, 'निष्कलंक सेवा' असं मानपत्र. हेडमास्तर तेच वाचणार. तुम्हाला ते उभं राहून ऐकवेल? मला माहीत आहे तुम्हाला कशाची भीती आहे. सगळ्या वर्गांसमोर खोटे ठराल याची. मलाही सगळ्या वर्गासमोर बाकावर उभं केलं होतं. पाय दुखतात, कान गरम होतात, बस. मग तास संपतो आणि खाली उतरता येतं.

भाषण नका लिहू. चार ओळी लिहा: मांजर नव्हती, माझा मुलगा होता, मला ठाऊक होतं, मारुतीला परत घ्या. तीस एप्रिलच्या आत. नाही लिहिलंत तर मी रजा काढली आहे. समारंभाच्या दिवशी मारुतीला घेऊन पहिल्या रांगेत बसेन. ही धमकी समजा. मी तुमचाच मुलगा आहे, तारीख टाकून लिहितोय.

बंडू


कलकत्ता, ९ मे १९५४
(पाकीट)

नाना,

समारंभ रद्द झाल्याचं बेबीचं कार्ड एप्रिलमध्येच आलं, तेव्हाच रजेचा अर्ज मागे घेतला.

बेबीचं लांब पत्र काल आलं, मी ते चार वेळा वाचलं. एकोणीस तारखेला तुम्ही नवा रिपोर्ट स्वतःच्या हाताने हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलात. ते म्हणाले, "जोशीजी, आता दहा दिवस राहिले, खामखा कशाला?" आणि तुम्ही म्हणालात, "दहा दिवस आहेत म्हणूनच." समारंभ रद्द झाला. शाल नाही, मानपत्र नाही. बेल-जारची किंमत तुमच्या शेवटच्या पगारातून कापली. स्टाफरूममध्ये कुणी तुमच्याशी बोललं नाही. तुम्ही दहाही दिवस गेलात आणि एकही तास सोडला नाही.

आणि सव्वीस तारखेपासून मारुती परत आलाय. बेबी लिहिते, पट्टा नवा आहे, ढगळ होतो. पहिल्या दिवशी त्याने शाळेची घंटा इतकी लांब वाजवली की पोरं हसायला लागली. तुम्ही वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे होतात आणि ती थांबेपर्यंत वळला नाहीत. बेबीने हे मारुतीकडून ऐकलं, आणि मारुतीने खिडकीतून पाहिलं. पेन्शनीत मधली पाच वर्षं धरायची की नाही ते अजून ग्वाल्हेरच्या ऑफिसात अडकलंय. ते मी सोडणार नाही. त्यांना कार्डं सुरू केली आहेत, दर रविवारी.

बेबीच्या पत्राखाली लाल शाईत तुमच्या दोन ओळी आहेत. 'बाकावर उभा केला ते चुकलं. उजेडाचं उत्तर मला तेव्हा येत नव्हतं.'

नाना, मलाही अजून येत नाही. डॉक्टरबाबूंना येतं, ते फळाभर लिहितात, मला अर्धं कळतं. नव्या काचा घासून झाल्यात. सोमवारी पत्रे बसवणार. तार टेकवायची पायरी मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवलीय, इथे दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, पण ती मलाच वाचायची आहे. आकडा येईल तो येईल. तुम्हाला खरा तोच कळवीन.

कालच पोस्टात जाऊन तुमच्या नावाने मनीऑर्डर केली. ही घरखर्चाला नाही आणि बेबीच्या फीलाही नाही, ते वेगळं पाठवीन. बाळकृष्णराव पैसे घेऊन ओट्यावर येतील तेव्हा 'घेण्यास नकार' चालणार नाही. सही करा, खाली तारीख टाका. पावती माझ्याकडे परत येते, मी ती जपून ठेवणार आहे. तुमच्या पगारातून कापलं ते देणं तुमचं नव्हतं. काच मी फोडली होती.

रुपये सत्त्याऐंशी, आणे आठ.